पाणी पकडणारी पिवळी कॅप्सूल: बारा पावसाळ्यांनंतर

विमानात एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, भरणं हे माझं काम. कोकण किनाऱ्यालगतच्या विमानतळावर बारा पावसाळे काढले. एवढ्या वर्षांत बूट, हातमोजे, टॉर्च सगळं बदललं. किटमधली शेल वॉटर डिटेक्टरची, म्हणजे इंधनातलं पाणी दाखवणाऱ्या कॅप्सूलांची, डबी आणि ५ मिलीची सिरिंज मात्र तीच. नवीन पोरं हमखास विचारतात, "दादा, एवढ्याशा कॅप्सूलनं काय कळणार?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आपल्याकडे प्रवासी जेटमध्ये जातं ते जेट ए-१. मुळात रॉकेलच, दिसायला बिनरंगी नाहीतर किंचित पिवळसर. पिस्टन इंजिनांचं अॅव्हगॅस १०० एलएल निळं असतं, लांबून ओळखू येतं. जेट ए-१ ची घनता १५ अंशाला लिटरमागे ७७५ ते ८४० ग्रॅम, म्हणजे पाण्याहून हलकं. त्यामुळे मोकळं पाणी तळाशी बसतं आणि काचेच्या बरणीत सॅम्पल गोल फिरवलं की मधोमध थेंब जमतात. पंचाईत होते ती बारीक कणांनी तरंगणाऱ्या पाण्याची. मर्यादा ३० पीपीएम, म्हणजे हजार लिटरमध्ये ३० मिली. दोन मोठे चमचे! एवढं पाणी नुसत्या डोळ्यांना दिसेल याची खात्री कोण देणार?

इथे ही कॅप्सूल कामाला येते. सिरिंजच्या तोंडाला घट्ट बसवायची, सॅम्पलमध्ये बुडवायची, दट्ट्या ५ मिलीच्या खुणेपर्यंत ओढायचा आणि लगेच बघायचं. पिवळी राहिली तर ठीक. हिरवट झाली तर पाणी आहे, पाणी जास्त असेल तर रंग निळसर-काळपट होतो. ओला झालेला भाग आणि कडेचा कोरडा भाग शेजारीशेजारी दिसतात, त्यामुळे फरक चटकन कळतो. मिनिटभराचं काम. मला हिच्यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं: विमानाशेजारी उभ्या उभ्या उत्तर मिळतं.

पाण्याचा एवढा धसका का, तेही सांगतो. जेट ए-१ गोठायला उणे ४७ अंश लागतात, पाणी शून्यालाच गोठतं. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ विमान लंडनच्या हीथ्रो विमानतळावर धावपट्टीच्या अलीकडेच उतरलं. इंधन उणे ३४ पर्यंतच गार झालं होतं, म्हणजे गोठलं नव्हतंच. त्यातल्या पाण्याचा बर्फ झाला आणि त्यानं इंजिनाकडे जाणारा पुरवठा अडवला. तेही पाणी नेहमीपेक्षा जास्त नव्हतं. विरघळलेलं पाणी ही कॅप्सूल दाखवत नाही, ते तिचं कामही नाही. पण तरंगणारं पाणी निदान आपल्या हातून टाकीत जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तिची खोड एकच, दमट हवा. दोन वर्षांपूर्वी जुलैत, रात्रीच्या फ्लाइटला माझी कॅप्सूल हिरवट आली. पोटात गोळा आला. फ्युएलिंग थांबवलं, सुपरवायझरसाहेबांना फोन केला, नवीन डबी फोडून परत सॅम्पल घेतलं. स्वच्छ पिवळी! आधीच्या डबीचं झाकण सैल राहिलं होतं, चूक आमचीच. फ्लाइटला उशीर झाला, पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा थांबवीन.

तेव्हापासून कॅप्सूल काढली की झाकण त्याच हातानं लगेच पिळतो. वापरण्याआधी ती पांढऱ्या टॉर्चखाली धरून कोरडी असतानाचा रंग बघून घेतो, कारण एप्रनच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेच्या, पिवळ्या दिव्यांत पिवळं आणि पोपटी सारखंच दिसतं. वापरलेली परत वापरायची नाही. डबीवरची तारीख उलटली असेल तर आत कितीही उरल्या असोत, टाकून द्यायच्या. स्टोअरवाले कुरकुरतात. कुरकुरू देत.