'थ्रिलर'चं लाल जॅकेट, शिवणाऱ्या बाईच्या नजरेतून

मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर' गाण्याचा व्हिडिओ मी नीट बघितला तो गेल्या महिन्यात, आणि तोही जॅकेटचा खाका काढायला. भाच्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगला त्यावर नाच बसवला होता. "मावशी, सात लाल जॅकेटं शिवून दे," असं म्हणून पोरगा व्हिडिओ दाखवून गेला. मी सोलापुरात अशोक चौकाजवळ शाळेचे युनिफॉर्म शिवते. कॉलर, कफ, बटणपट्टी हे डोळे मिटून होतं, पण असलं जॅकेट कधी हातात आलं नव्हतं. म्हणून थांबवून थांबवून वीसेक वेळा पाहिला.

व्हिडिओ 1983 सालचा, दिग्दर्शक जॉन लँडिस यांनी केलेला, जवळपास 14 मिनिटांचा. जॅकेट त्यांच्या पत्नी डेबोरा नाडूलमन लँडिस यांनी डिझाइन केलेलं. या बाईंना मी मनापासून हात जोडते. सगळी गोष्ट रात्रीची. रस्ता ओला, भिंती काळपट, धुकं. त्यात लाल रंग घेतला की माणूस कितीही लांब उभा असला तरी डोळा तिथंच जातो. बरं, नुसतं जॅकेट लाल करून त्या थांबल्या नाहीत, पॅन्टही लाल घेतली. वर एक रंग, खाली दुसरा घेतला की कमरेत माणूस तुटतो, बुटका दिसतो. इथं डोक्याखाली एकच सलग रेघ, त्यामुळं बारीक अंगाचा नाचणारा उंच दिसतो. खांदे पंखासारखे बाहेर काढलेत आणि तिथून काळ्या पट्ट्या तिरक्या खाली येतात. हात वर गेला की त्या पट्ट्याही हलतात, म्हणजे कपडासुद्धा त्याच्याबरोबर नाचतो. तो खांदा उभा राहावा म्हणून मी बकरमचे, म्हणजे आत घालायच्या कडक कापडाचे, दोन थर घातले, तरी पहिल्या वेळी बसलाच. तिसरा थर आणि आतून पॅड दिल्यावर कुठं जमला.

मुख्य गोष्ट मला दहाव्या वेळी कळली. त्याच्या मागं नाचणाऱ्या भुतांचे कपडे मातकट, करडे, फाटके आहेत. ते जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणून मुद्दाम जुनाट केलेले. आपल्याकडं गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमचा अख्खा ताफा एका रंगात असतो, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथं ताफा दिसायला हवा. इथं एकटा दिसायला हवा. म्हणून भाच्याला सांगितलं, जॅकेट एकच शिवणार, बाकीच्या सहा जणांनी घरातले जुने शर्ट आणायचे. पोरं रुसली. मग ते शर्ट चहाच्या पाण्यात उकळले, कोपरांवर कानस मारली आणि आरशासमोर उभं केलं, तेव्हा पटलं त्यांना.

नायिकेवर मात्र तेवढी मेहनत दिसत नाही. तिचे कपडे छान आहेत, पण व्हिडिओ संपल्यावर आठवत नाहीत. नायिका झालेली ओला रे ही नटी घाबरते फार सुंदर, तिला लक्षात राहील असं काहीतरी द्यायला हवं होतं. शिवाय लहान मुलांना एकट्यानं बघायला देऊ नका. माझी सात वर्षांची पुतणी, नायक लांडगा होतो तिथंच रडली.

आणि एवढ्या वर्षांनी सोलापूरच्या पोराला हे अंगावर घालावंसं का वाटतं? माझ्या मते हे जॅकेट चार रेघांत कागदावर काढता येतं. टिकल्या नाहीत, जरी नाही. कुठलाही टेलर बघून शिवू शकतो. मूळ जॅकेट 2011 साली लिलावात 18 लाख डॉलरला गेलं. माझं रेक्झिन, अस्तर आणि झिप धरून साडेअठराशेत झालं. त्यातलं पहिलं रेक्झिन "एक नंबर माल" म्हणून दिलेलं, ते सुई लागताच फाटायला लागलं, दुसरं आणावं लागलं.

शिवणाऱ्यांना एक सांगते. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात तालमीला लाइटवाल्यानं भुतांचं गाणं म्हणून लाल प्रकाश सोडला. लाल उजेडात शर्टही लाल, जॅकेटही लाल, सगळा लगदा. मी पळत जाऊन पांढरट निळा मागितला. तो पडला आणि शेवटच्या रांगेतून माझी वहिनी ओरडली, "दिसला गं, आपला दिसला!"