ब्लूनोजचा लाकडी किट: जहाज उत्तम, दोरा मात्र वेगळा घ्या

शिडाच्या जहाजाचं लाकडी मॉडेल पहिल्यांदाच करायचं असेल तर कुठला किट घ्यावा, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: ब्लूनोज घ्या. बहुतेकांचा जीव १०४ तोफांच्या व्हिक्टरी या ब्रिटिश युद्धनौकेवर जडतो, ते साहजिकच आहे. पण तिच्या तीन डोलकाठ्या, त्यांवरची आडवी परभाणं, म्हणजे शिडं टांगायचे वासे, आणि त्यांचे शेकडो दोर हे पहिल्या कामाला पेलण्यासारखं नाही. ब्लूनोज दोन डोलकाठ्यांची स्कूनर आहे, म्हणजे तिची शिडं आडवी नाही, जहाजाच्या लांबीच्या दिशेने लागतात. तोफा नाहीत, सोनेरी नक्षी नाही. डेकवर जे आहे ते मासेमारीसाठी आहे आणि वर जो दोर आहे त्याला नेमकं काम आहे. म्हणूनच ती शिकायला चांगली.

माझा किट १:६४ प्रमाणाचा. जुन्या साठ्यातला डबा होता. कंपनीने त्यानंतर त्यातलं सामान बदललेलं असू शकतं, त्यामुळे नाव घेऊन दोष देणं मला योग्य वाटत नाही. ब्लूनोजचे किट एकाहून जास्त कंपन्या काढतात, आणि खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं कुठलाही घेतलात तरी उपयोगी पडेल. फक्त प्रमाण बघून घ्या. खरं जहाज १४३ फूट लांब होतं. १:६४ मध्ये ते साधारण ६८ सेंटिमीटर भरतं, शिवाय मागचा बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा वासा, बाहेर येतो तो वेगळा. १:१०० मध्ये हीच लांबी ४४ सेंटिमीटरच्या आत येते आणि मग कप्प्या मोहरीच्या दाण्याएवढ्या होतात. कपाटात जागा कमी आहे म्हणून लहान प्रमाण निवडू नका. जागा करा.

मी कॅनडात, नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या हॅलिफॅक्सला राहते, मूळची मालवणची. लुनेनबर्ग इथून शंभरेक किलोमीटरवर आहे आणि ब्लूनोज तिथलीच. १९२० साली मासेमारी जहाजांच्या शर्यतीत अमेरिकेतल्या ग्लॉस्टरच्या एस्परांटोने नोव्हा स्कोशियाच्या डेलावानाला हरवलं. ते इथल्या लोकांच्या फार जिव्हारी लागलं. विल्यम रूए यांनी आराखडा केला, स्मिथ अँड रूलंडच्या कारखान्यात जहाज बांधलं गेलं आणि २६ मार्च १९२१ ला ते पाण्यात उतरलं. शर्यतीत उतरायचं तर जहाजाने आधी खरोखरची मासेमारी केलेली असली पाहिजे, असा नियम होता. म्हणून कॅप्टन अँगस वॉल्टर्स यांनी आधी ग्रँड बँक्सच्या समुद्रात कॉड मासा पकडला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्लॉस्टरच्याच एल्सीला हरवून चषक आणला. कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून जे जहाज आहे ते हेच, असं इथे मानतात. १९४६ मध्ये हैतीजवळच्या खडकावर ते फुटलं. आज धक्क्याला दिसते ती तिची प्रतिकृती, ब्लूनोज दोन, १९६३ ची, त्याच कारखान्यात बांधलेली.

हे सगळं सांगायचं कारण असं, की मॉडेल करताना एखाद्या ठिकाणी अडलं तर समोर पूर्ण आकाराचं जहाज बघता येतं. किट निवडताना एवढा फायदा दुसऱ्या फारच थोड्या जहाजांना मिळतो. इथे राहत नसलात तरी या जहाजाचे फोटो भरपूर मिळतात.

आता डब्याकडे. मधली लांब फळी म्हणजे पठाण, आणि तिच्या खाचांत फासळ्यांसारखे आडवे बसणारे बल्कहेड. सगळं लेझरने कापलेलं, आणि कापणी खरोखर सुंदर. एकही बल्कहेड ठोकून बसवावा लागला नाही, एकही सैल पडला नाही. इथे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन, कारण सांगाडा तिरका बसला तर पुढे कशानेच तो सरळ होत नाही. नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, उठाव आणि मागचा निमुळता घेर, दोन्ही आराखड्याबरहुकूम उतरले आहेत.

बल्कहेड चिकटवले की लगेच फळ्या लावायला घेऊ नका. त्यांच्या कडा चौकोनी कापलेल्या असतात आणि जहाजाचा पोट-फुगवटा तर पुढे-मागे वळत जातो. एक लांब पातळ पट्टी तीन-चार बल्कहेडवरून वाकवून धरायची. ती ज्या कडेला नुसत्या कोपऱ्यावर टेकते तिथे घासायचं, पुन्हा पट्टी धरायची, पुन्हा घासायचं. पट्टी सगळीकडे पूर्ण रुंदीने बसली की थांबायचं. किटसोबतच्या पुस्तिकेत या कामाला दोन ओळी दिल्या आहेत. माझ्या मते इथे दोन पानं हवी होती, आकृत्यांसकट. पुढे फळ्यांच्या मध्ये फटी का पडल्या, असं जे लोक विचारतात त्यातल्या बहुतेकांचं उत्तर इथेच असतं.

फळ्यांचंही तसंच. जहाजाचा घेर मध्यावर मोठा, नाळेपाशी लहान. म्हणजे तेवढ्याच फळ्या पुढे कमी जागेत बसवायच्या, तर प्रत्येक फळी पुढे निमुळती करावी लागणार. कागदाची पट्टी बल्कहेडवर घेराने लावायची, लांबी घ्यायची, फळ्यांच्या संख्येने भागायचं. त्या त्या बल्कहेडवर फळी किती रुंद हवी ते कळतं. डब्यातलं लाकूड बासवूड आहे. मऊ, भिजवलं की छान वाकतं, फक्त धारदार पात्याखाली तंतू सुटतात. खरं जहाज ओक, बर्च, स्प्रूस आणि पाइनचं होतं, पण इथे बाहेरून रंगच द्यायचा असल्यामुळे बासवूडबद्दल माझी तक्रार नाही. फक्त काळा रंग चकचकीत घेऊ नका. काळ्या चकाकीत प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. करड्या प्रायमरचा हात मारा, घासा, पुन्हा मारा, आणि मग मंद काळा. खाली तांबडा.

डेकच्या पट्ट्यांच्या कडेला मऊ पेन्सिल फिरवून मग चिकटवल्या की मध्ये बारीक गडद रेघ राहते. खऱ्या डेकवर त्या फटींत जुन्या दोरखंडांचे धागे ठासून वर डांबर ओतलेलं असतं, ते अशाने दिसतं. डोऱ्या, म्हणजे डेकवरच्या चपट्या तळाच्या होड्या, डब्यात बऱ्या आल्या होत्या. या होड्यांच्या बसायच्या फळ्या काढता येत, त्यामुळे एकात एक रचून डेकवर मावत. म्हणून वरच्या होडीतच फळ्या लावा, खालच्यांत नको. एवढ्यानेच डेक कामातलं दिसायला लागतं.

आणि आता रिगिंग, म्हणजे डोलकाठ्यांचे आणि शिडांचे सगळे दोर, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

डब्यातला दोरा वापरू नका. सुती होता, त्याला केस सुटत होते, आणि सगळ्या कामाला मिळून दोनच जाडीचे रीळ. खऱ्या जहाजावर एक इंच व्यासाचा दोर असेल तर या प्रमाणात तो ०.४ मिलिमीटर व्हायला हवा. जाड-बारीक दोरांचा हा फरक गेला की मॉडेल लांबूनच खोटं वाटतं, सांगाडा कितीही छान असू दे. मी पीळ दिलेला पॉलिस्टर दोरा वेगळा मागवला, ०.२ पासून ०.८ मिलिमीटरपर्यंत पाच जाडींचा. उभ्या रिगिंगसाठी, म्हणजे डोलकाठ्या जागच्या जागी धरणाऱ्या ताणांसाठी, काळा. ओढायच्या-सोडायच्या दोरांसाठी फिकट तपकिरी. कारण खऱ्या ब्लूनोजवर ताण पोलादी तारेचे होते आणि ओढायचे दोर मनिला तंतूंचे. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी तर सुतीच्या वाटेला जाऊच नये. दमट हवेत त्याचा ताण बदलतो आणि पावसाळा सरला की सगळं ढिलं होतं.

श्राउड हे डोलकाठीचे बाजूचे ताण. त्यांच्या खालच्या टोकाला डेडआय असतं, तीन भोकांची लाकडी चकती. तशीच दुसरी जहाजाच्या कडेला, आणि दोघींच्या मधून एक बारीक दोर सहा वेळा जातो. तो आवळला की श्राउड ताठ होतो. वरच्या चकतीचं एकटं भोक वर, खालचीचं एकटं भोक खाली. सगळ्या जोड्यांमधलं अंतर सारखं हवं, नाहीतर वरच्या चकत्यांची रांग वाकडी दिसते. त्यासाठी जाड तारेचा तुकडा दोन्ही टोकांना वाकवून घ्या, दोन टोकं दोन चकत्यांच्या भोकांत अडकवा, आणि श्राउडची गाठ मारून झाल्यावरच तार काढा. एक जोडी उजवीकडे झाली की पुढची डावीकडे. एकाच बाजूचे सगळे आवळत गेलात तर डोलकाठी त्या बाजूला झुकते आणि ते जवळून नाही, खोलीच्या दारातून दिसतं.

माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. त्यामुळे वाकड्या टोकाच्या आर्टरी फोर्सेप्स हाताला सवयीच्या आहेत आणि जहाजबांधणीच्या दुकानात मिळणाऱ्या महागड्या चिमट्यांपेक्षा त्या कैक पटीने चांगल्या. एक सरळ, एक वाकडी, दोन्ही लहान घ्या. दाते नसलेली, नाहीतर दोरा चिरतो.

रॅटलाइन म्हणजे श्राउडवर आडव्या बांधलेल्या पायऱ्या. खलाशी त्यांवरून वर चढायचे. माणसाला चढता येईल असं अंतर हवं, म्हणजे आपल्याकडे साधारण सहा मिलिमीटर. पुठ्ठ्यावर सहा-सहा मिलिमीटरच्या रेघा आखा आणि तो श्राउडच्या मागे अडकवा. मधल्या प्रत्येक श्राउडवर क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची गाठ, दोन्ही टोकांना साधी गाठ. गाठ आवळताना दोरा आडवा ओढायचा नाही. ओढलात की श्राउड आत खेचले जातात आणि बघता बघता त्यांचा डमरू होतो. गाठ श्राउडवरच घट्ट करायची आणि दोन श्राउडमधला दोरा किंचित सैल सोडायचा. पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदाचा थेंब सुईच्या टोकाने लावला की गाठ बसते, चमक राहत नाही. झटपट चिकटणारा गोंद इथे नको. त्याने दोरा कडक आणि पांढुरका होतो. हे काम घाईने होणारं नाही, आणि मला ते सगळ्यात जास्त आवडलं. बाहेर धुकं, आत दिवा, हाताखाली एकामागून एक गाठ. अशा संध्याकाळी मला दुसरं काही नको असतं.

शिडांबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. व्हिडिओ कॉलवर भावाला जहाज दाखवलं तर त्याचा पहिला प्रश्न, "ताई, पण ह्येका शिडां खंय?" मी शिडं लावलीच नाहीत. या प्रमाणात कुठलंही कापड जाडच दिसतं आणि शिडांमागे सगळं रिगिंग झाकून जातं. पण शिडं लावायची नसतील तर पुस्तिकेतल्या चित्रासारखं गॅफ, म्हणजे शिडाच्या वरच्या कडेचा वासा, उंच चढवून ठेवू नका. शिड नसताना तो वर राहण्याचं काही कारणच नाही. लुनेनबर्गच्या धक्क्याला ब्लूनोज दोन उभी असते तेव्हा गॅफ खाली उतरवून बूमजवळ ठेवलेले असतात. मी तसंच केलं. त्यामुळे गॅफ वर खेचणारे दोर डोलकाठीच्या शेंड्यापासून खालपर्यंत लांब येतात आणि जास्त दोरा लागतो, तो धरूनच मागवा.

कप्प्यांबद्दल थोडक्यात. डब्यातल्या चौकोनी ठोकळ्यांसारख्या होत्या. आतून सँडपेपर लावलेल्या बरणीत घालून हलवत बसलं की कडा गोल होतात आणि चालून जातात. वेगळ्या घ्यायची गरज नाही. धातूचे बारीक भाग ठीक होते. नकाशे मात्र अप्रतिम. पूर्ण मापाचे, प्रत्येक दोर कुठल्या खुंटीला बांधायचा ते क्रमांकासकट. मी ते फ्रेम करून लावायच्या विचारात आहे.

किट मला अडीचशे कॅनेडियन डॉलरच्या आत पडला, दोऱ्याचे साठेक वरचे. भारतातून मागवणाऱ्यांनी कस्टम ड्यूटी आणि पार्सलचा खर्च आधी विचारून घ्यावा. नकाशांची गुंडाळी चेपली जाणार नाही ना, हेही विक्रेत्याला विचारा. आणि काचेच्या किंवा अॅक्रिलिकच्या पेटीचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा. रॅटलाइनवर बसलेली धूळ ब्रशनेही निघत नाही, गाठी हलतात. पेटीचं माप घेताना बूमचं मागचं टोक आणि बोस्प्रिटचं, म्हणजे नाळेतून पुढे निघालेल्या वाशाचं, पुढचं टोक धरून घ्या, नुसत्या जहाजाचं नको.