टाटा 1109 : जुन्या मालट्रकचा सहा हंगामांचा अनुभव

निफाडची द्राक्षे आणि पिंपळगाव बसवंतचा कांदा वाशीच्या बाजारात पोहोचवण्यासाठी मी 2012 सालची, बीएस-3 या प्रदूषण मानकाची टाटा एलपीटी 1109 ही गाडी वापरलेली विकत घेतली. सहा हंगामांनंतर माझे मत असे झाले आहे की, या गाडीचे इंजिन बरीच हयगय सोसते, पण ब्रेक आणि कमानी (चाकांवरच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा) तिळभरही सोसत नाहीत. त्यामुळे जुनी गाडी पाहायला जाणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी गाडीखाली शिरावे.

गाडीच्या नावातच बरीच माहिती आहे. 1109 मधले पहिले दोन आकडे सुमारे 11 टन एकूण वजन सांगतात आणि पुढचे दोन सुमारे 90 अश्वशक्ती. या गाडीतल्या 497 या इंजिनाच्या नावातील 4 म्हणजे सिलिंडरांची संख्या आणि 97 म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा मिलिमीटरमधला व्यास. दट्ट्याची धाव 128 मिलिमीटर असल्याने क्षमता 3783 सीसी भरते. धाव लांब असल्यामुळे इंजिनाच्या कमी फेऱ्यांतही ओढ चांगली मिळते आणि कसारा घाट भरल्या हौद्याने चढताना हे स्पष्ट जाणवते. माझ्या गाडीचा डिझेल पंप पूर्णपणे यांत्रिक आहे. डिझेलच्या नळीत हवा शिरली तर हातपंपाने ती काढून रस्त्याकडेलाच गाडी पुन्हा चालू करता येते. काळा धूर वाढला की इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून दाबाच्या यंत्रावर तपासून घ्यावेत. मायकोच्या (आताच्या बॉशच्या) सातपूरच्या कारखान्यामुळे नाशिकला नोझल हा शब्द तसाही परका नाही, आणि हे काम जाणणारे कारागीर आडगाव ट्रक टर्मिनलच्या परिसरात सहज भेटतात.

टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याची, मात्र एक शिस्त पाळावी लागते. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद केले, तर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचणे थांबते आणि तिथले तेल जळते. म्हणून चालकाने दोन-तीन मिनिटे इंजिन रिकामे फिरू द्यावे, हा माझ्याकडे नियमच आहे.

खरा धडा मला ब्रेकने दिला. आधीच्या मालकाने ब्रेकचे ड्रम पुन्हा पुन्हा लेथवर घासून घेतले होते, ते मर्यादेपलीकडे पातळ झाले होते आणि ज्या गॅरेजने खरेदीपूर्वी गाडी तपासली, त्याने ड्रमचा आतला व्यास मोजलाच नव्हता. पातळ ड्रम लवकर तापतो, तापल्यावर प्रसरण पावून लायनिंगपासून (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांपासून) दूर जातो आणि पायाखालचा ब्रेक हलका पडतो. पहिल्याच हंगामात कसारा उतरताना लायनिंग जळाल्याचा वास आला, तेव्हा चालकाने गाडी वेळीच खालच्या गिअरमध्ये आणून कडेला घेतली, म्हणून माणसे आणि माल दोन्ही वाचले. त्यानंतर चारही चाकांचे ड्रम आणि लायनिंग नवे बसवले. लायनिंग आणि ड्रममधले अंतर राखणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर आता प्रत्येक मोठ्या फेरीआधी तपासला जातो, आणि ब्रेकच्या हवेच्या टाकीत साचलेले पाणी रोज सकाळी सोडले जाते. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे हे पाणी अधिक साचते व आतून गंज धरतो, त्यामुळे या कामात एका दिवसाचाही खंड मला मान्य नाही.

कमानींमध्ये मूळ रचनेपेक्षा जास्तीचे पाटे घातलेले आढळले. याचा अर्थ ही गाडी वर्षानुवर्षे मर्यादेपेक्षा जास्त भाराने चालली होती, आणि तो भार सांगाड्याने, मागच्या आसाने व टायरांनी सोसला होता. मी ते पाटे काढून टाकले. नव्या यू-बोल्टांची पकड पहिल्या काही भरल्या फेऱ्यांनंतर पुन्हा आवळून घेणे अत्यावश्यक आहे, अन्यथा पाट्यांचा मधला बोल्ट तुटून आस जागचा सरकतो. किंगपिन (ज्यांवर पुढची चाके वळतात), कमानीच्या पिना आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) यांना नियमित ग्रीस द्यावे. हे काम स्वस्त असल्यामुळेच त्याकडे दुर्लक्ष होते.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. ती तारीख मी द्राक्षांचा हंगाम सुरू होण्याआधीच साधतो, म्हणजे ब्रेक, कमानी आणि दिवे यांचे काम जानेवारीपर्यंत उरकते आणि फेब्रुवारीत गाडी खोळंबत नाही. रोज लांब पल्ल्याची वाहतूक करणाऱ्याला ही गाडी मी सुचवणार नाही. हंगामी माल वाहणाऱ्या आणि स्वतः देखरेख करणाऱ्या शेतकऱ्याने मात्र ड्रमचा व्यास मोजून आणि कमानीतले पाटे मोजून ती निश्चिंतपणे घ्यावी.