थार ऑटोमॅटिक चिखलात: अकरा महिने आणि साठ रुपयांची नळी

"एक लाख चाळीस धरा," गॅरेजवाला म्हणाला. "गिअर बॉक्स गेलाय साहेब. ऑटोमॅटिक हाय, ह्याला रिपेरी नसते. आख्खा बदलायचा."

मी काही धरले नाहीत. गाडी तशीच ऊं ऊं करत घरी आणली आणि रात्री वहीत अकरा महिन्यांचा खर्च मांडायला बसलो. त्या वहीतूनच हे लिखाण निघालंय, त्यामुळे पैशाचा विषय सारखा आला तर वैतागू नका.

गाडी महिंद्रा थार, २०२१ची, डिझेल ऑटोमॅटिक, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर). गेल्या ऑक्टोबरात ४१ हजार किलोमीटर फिरलेली घेतली. ताकद १३० बीएचपी, टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर) ३०० एनएम वगैरे वाचणाऱ्यांना पाठ असेल, ते दळण पुन्हा दळत नाही. डिझेलला मॅन्युअल घ्या नाहीतर ऑटोमॅटिक, टॉर्क तेवढाच. गिअर दोन्हीकडे सहाच. मग चिखलासाठी घ्यायचा कुठला, एवढाच प्रश्न होता आणि त्यावर आमच्या घरात दिवाळीभर भांडण झालं.

माझा वापर असा: सोमवार ते शुक्रवार गाडी कोल्हापुरात ताडपत्रीखाली उभी. शनिवारी पहाटे आजऱ्याला, पंच्याऐंशी किलोमीटर. तिथून शेताकडे सव्वा किलोमीटरची पाणंद, मध्ये एक ओढा, पुढे लाल मातीची चढण आणि मग भाताची खाचरं. भावाकडे ट्रॅक्टर आहे, म्हणजे या गाडीवाचून तिथे कुणाचं काही अडत नाही. तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) पेंढ्या आणि लावणीच्या बायकांची न्याहारी मी गाडीतून नेतो ती निव्वळ हौस म्हणून. आमच्या सौ. तिला 'चौदा लाखांची हातगाडी' म्हणतात.

हौस घरातल्या थोरल्या आण्णांकडून आलीय. त्यांच्याकडे जुनी सीजे ३बी जीप होती, पेट्रोल, तीन गिअरची. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकला की आतून दळण ऐकू यायचं. आण्णांचा नियम एकच होता: "चिखलात शिरायच्या आधी गिअर ठरव. आत शिरल्यावर दांड्याला हात लावलास तर बैलं आणायला तूच जायचंस." मी दोनदा गेलोय. नियमामागचं कारण साधं आहे. क्लच दाबला की चाकांचा जोर तुटतो, चिखल तेवढ्यात गाडी धरतो, आणि पुन्हा क्लच सोडेपर्यंत वेग संपलेला असतो. त्या जीपचा पहिला गिअर २.७९८, लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारा जादा गिअर) २.४६, अॅक्सल (चाकांचा आस) ५.३८. तिन्ही गुणले की सदतीस येतात, म्हणजे इंजिनाचे सदतीस फेरे तेव्हा चाकाचा एक. आजच्या थारची लो रेंज २.४८. इतक्या वर्षांत फरक दोन शतांशांचा, हे बघून मला उगाचच बरं वाटलं.

आमच्या दाजींकडे मॅन्युअल थार आहे. ते गडहिंग्लजच्या पूर्वेला, काळ्या मातीत. ऑटोमॅटिकचं नाव काढलं की दाजी हसायचे. "चिखलात गाडी पायानं चालवायची असते पाव्हणं, कॉम्प्युटरनं न्हाई." मलाही ते पटत होतं. तरी मी ऑटोमॅटिक घेतली ती केवळ डाव्या गुडघ्यामुळे. कॉलेजात कबड्डीत गेलेला गुडघा आहे, कोल्हापूरच्या सिग्नलांना अर्धा तास क्लच दाबला की रात्री शेक घ्यावा लागतो. त्या गुडघ्यापायी सेकंडहँड बाजारात एक लाख तीस हजार जास्त मोजले. ती रक्कम अजून खुपते.

पहिला धडा मृगात मिळाला. चढणीवर 'डी'मध्येच पाय दाबला. चाकं घसरून भिरभिरली, बॉक्सला वाटलं गाडी पळतेय, त्याने गिअर वर चढवला. जोर कमी, गाडी तिथेच. शेतावर निघालेल्या बायका कडेला उभ्या राहून पदर तोंडाला लावत होत्या. तेव्हापासून ठरलेलं: पाणंद लागली की थांबायचं, न्यूट्रल, छोटा दांडा ओढून फोर लो (चारही चाकं, लो रेंज), ईएसपीचं (घसरणाऱ्या चाकाला आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचं) बटण दाबून बंद, दांडा मॅन्युअल बाजूला आणि दुसरा गिअर. मग पुढे काय वाटेल ते होऊ दे, दुसराच. म्हणजे फिरून आण्णांचाच नियम आला, फक्त बैलांचं कलम गळलं.

हे जमल्यावर मात्र मी हरखलो. चढणीच्या मध्यावर एक उंबराचं मूळ आडवं गेलंय. मॅन्युअलमध्ये तिथे क्लचवर खेळावं लागतं, मुळावर पुढचं चाक अलगद चढवायचं आणि लगेच जोर द्यायचा. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय ब्रेकवर, उजवा अॅक्सिलरेटरवर, आणि टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) मधल्या तेलातूनच जोर वाढवत नेतो. गाडी मुळावर मांजरासारखी चढते. मागे एक चाक मोकळं फिरायला लागलं की मेकॅनिकल लॉकर (दोन्ही मागची चाकं एकत्र जखडणारा) खट् करून बसतो आणि चिखलाचा लाल फवारा मागे उडतो. जोर एका क्षणासाठीही तुटत नाही. यात मी हुशारी काय केली म्हणाल तर काही नाही.

पुनर्वसूत, म्हणजे तरण्या पावसात, दाजींच्या रानात दोन्ही गाड्या एकामागोमाग घातल्या. काळी चिकण माती टायरच्या खाचांत पुरणासारखी भरते. खाच भरली की टायर गुळगुळीत, आणि ती झाडून काढायची तर चाक जोरात फिरतं ठेवावं लागतं. दाजी दोनदा गिअर बदलायला गेले आणि दोनदा रुतले. तिसऱ्यांदा क्लचचा जळका वास माझ्या गाडीपर्यंत आला. माझी गाडी दुसऱ्यात लावून सलग बाहेर. दाजी काही बोलले नाहीत, घरी गेल्यावर नुसता चहा मागवला. लाल मातीत मात्र फरक एवढा जाणवत नाही. वरचा थर घसरडा असला तरी खाली जांभा कठीण लागतो, तिथे हळू जाणारा कुठलाही बॉक्स चालतो. म्हणून 'चिखलाला ऑटोमॅटिक बरी की मॅन्युअल' असं कुणी विचारलं की मी आधी माती विचारतो.

तोटेही सांगतो. रुतलेली गाडी पुढेमागे झोके देऊन काढायची तर मॅन्युअलमध्ये पहिला-रिव्हर्स पटापट होतात, इथे दर वेळी थांबून 'आर', मग थांबून 'डी'. लय जमत नाही, आणि नुसताच जोर लावत बसलं तर बॉक्सचं तेल तापतं. बॅटरी उतरली तर धक्का मारून चालू होत नाही. मायलेज माझ्या हातात अकराच्या वर गेलं नाही, दाजी तेरा सांगतात (मी दोन वजा करतो).

इथपर्यंतचं सगळं जुलैअखेर लिहून ठेवलं होतं. शेवटी 'डोळे झाकून घ्या' असंही लिहिलं होतं. ते खोडलंय.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरहून न थांबता थेट पाणंदीत उतरलो. ओढा फुगला होता. काठी घालून बघितलं, गुडघ्याच्या वर वीतभर. ६५० मिलिमीटरपर्यंत पाण्यात चालते हे मलाही पाठ आहे, आणि हे त्यापेक्षा जास्त होतं हेही दिसत होतं. तरी घातली. मध्यावर पुढचं चाक दगडाला अडलं आणि तीन-चार मिनिटं गाडी पाण्यात उभी राहिली. मग निघाली. मी वरच्या काठावर उतरून फोटो काढला, दाजींना पाठवला.

तीन आठवड्यांनी साठच्या पुढे मागून ऊं ऊं सुरू झालं. आधी टायर समजून हवा तपासली. मग ते गॅरेज, मग एक लाख चाळीस. गाडी वर न उचलता, एक नट न खोलता, नुसता एक फेरा मारून ठरवलेले. मी म्हटलं, तेल तरी बघा. तर म्हणे, "ह्याला डिपस्टिक नसते, बघायचं काय?" हे अर्धं खरं आहे. आजकालच्या बहुतेक ऑटोमॅटिकना डिपस्टिक नसतेच, तेल ठरावीक तापमानाला आणून खालच्या प्लगमधून पातळी बघावी लागते. ऑटोमॅटिकचा मला सगळ्यात मोठा राग याचाच. आण्णा जीपखाली सरपटायचे, प्लग काढून करंगळी घालायचे आणि बोटाचा वास घेऊन सांगायचे. इथे बोट घालायला जागा नाही आणि ज्याला जागा माहीत आहे तो लाखात बोलतो.

शेवटी आमच्या गल्लीतले मिस्त्री. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, वय सत्तरीच्या पुढे, ऑटोमॅटिक गाडीत पहिल्यांदाच बसलेले. साठला म्हणाले, न्यूट्रल कर. केलं. इंजिन शांत, ऊं ऊं तसंच. जोर दिला की आवाज थोडा बदलायचा, सोडला की वेगळा. "बॉक्स न्हवं," ते म्हणाले, "मागचा कप बघूया." (कप म्हणजे डिफरन्शियल, अॅक्सलच्या मधला दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरचा गोळा. जुन्या लोकांचा शब्द.) घरी येऊन जॅक लावला, मागच्या अॅक्सलचा प्लग काढला. धार आली ती चहाची. अगदी टपरीवरचा, दूध जास्त झालेला. मिस्त्रींनी बोटावर घेतलं, चोळलं आणि माझ्याकडे बघत राहिले. "पाण्यात घातलीस?"

अॅक्सलला वर एक छोटं भोक असतं, ब्रीदर. आतलं तेल तापलं की हवा फुगते, ती इथून बाहेर पडते. पंच्याऐंशी किलोमीटर पळून तापलेला अॅक्सल गार पाण्यात बुडवला की आतली हवा एकदम आकसते, आणि ब्रीदर किंवा सील जिथून जमेल तिथून पाणी आत ओढलं जातं. मी तर वर तीन-चार मिनिटं उभा राहून ओढायला वेळही दिला. पाणी मिसळलेल्या तेलात पिनियनचं (कपातल्या छोट्या गिअरचं) बेअरिंग गंजून खड्डे पडले, आणि तेच ओरडत होतं. बेअरिंग, सील, दोनदा तेल (पहिलं धुवून काढायला) आणि मजुरी मिळून ९,६०० रुपये. नंतर रीतसर तापवून गिअर बॉक्सचं तेलही बघून घेतलं. लालभडक, स्वच्छ. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आता माझी खरी तक्रार. गिअर बॉक्स निवडताना मी तीन महिने व्हिडिओ बघितले, सहा लोकांशी वाद घातला, सव्वा लाखाची घासाघीस केली, आणि या सगळ्यात 'ब्रीदर' हा शब्द एकदाही कुणी काढला नाही. मॅन्युअल असो, ऑटोमॅटिक असो, अॅक्सल दोन्हीला आहे आणि भोकही. मालकाच्या पुस्तकात खोल पाण्यानंतर तेल तपासा असं असतं, ते खरं, पण सेकंडहँड गाडीबरोबर ते पुस्तक मला मिळालंच नाही. उपाय म्हणजे इंधनाची रबरी नळी, दोन मीटर, साठ रुपये. ब्रीदरला जोडायची, चासीच्या कडेने वर न्यायची, मागच्या दिव्याच्या उंचीला तोंड खाली वळवून बांधायची. मिस्त्रींनी वीस मिनिटांत केलं आणि पैसे घेतले नाहीत. मी मात्र त्यानंतर येईल त्याच्या गाडीखाली वाकून ब्रीदर शोधतो. शेजाऱ्यांच्या अल्टोखालीही बघून आलो, ती पाण्यात कधी जाणार नाही हे माहीत असून.

तर मत बदललं का? थोडं. काळ्या मातीसाठी आणि गुडघ्यासाठी ऑटोमॅटिक परत घेईन. शेत लाल मातीत असेल, गुडघे शाबूत असतील आणि स्वतः गाडीखाली शिरायची आवड असेल, तर मॅन्युअल घ्या आणि वाचलेल्या एक लाख तिसांतून चांगले टायर घ्या. ओढ्यावर पोचलात की दहा-पंधरा मिनिटं थांबा, अॅक्सल निवू द्या. मी आता थांबतो, शेंगा खातो.

दाजींनी मागच्या रविवारी आपल्या गाडीला नळी बसवून घेतली. नळी मीच आणून दिलेली, दीड मीटर. तिचे पंचेचाळीस रुपये होतात, ते अजून आलेले नाहीत.