लायब्ररीतल्या सीड्या: आधी कोणती उचलावी?

कार्डावर एका वेळी मोजक्याच सीड्या मिळतात, म्हणून रॅकसमोर उभं राहिलं की हमखास घोळ होतो. फोनवर सगळं असताना सीडी आणायचीच कशाला? माझा साधा निकष असा: जो अल्बम सलग ऐकल्याशिवाय कळत नाही, किंवा ज्याची कोणती आवृत्ती हाती लागते याने फरक पडतो, तो आणावा.

या निकषावर सर्वात वर पियानोवादक ग्लेन गूल्डने वाजवलेली 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स', ही बाख या जुन्या जर्मन संगीतकाराची रचना. त्याची स्टुडिओतली दोन ध्वनिमुद्रणं आहेत, १९५५ आणि १९८१ ची. जमलं तर दोन्ही एकदमच आणा. रचना तीच, न्यू यॉर्कमधला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओही तोच, पण पहिलं ३८ मिनिटांत संपतं आणि दुसरं ५१ मिनिटं चालतं. फरक सुरुवातीच्या आरियातच, म्हणजे रचनेच्या मूळ धुनेतच, लक्षात येतो. पहिल्यात ती दोन मिनिटांच्या आत उरकते. दुसऱ्यात तिला तीन मिनिटं लागतात, आणि प्रत्येक सुरानंतर पुढचा येतोय की नाही अशी धाकधूक वाटते. बावीस वर्षांच्या गूल्डचा वेग चकित करतो, पण त्या वेगात डाव्या हाताचं काम निसटून जातं. १९८१ मध्ये दोन्ही हातांचे आवाज सुटे सुटे ऐकू येतात. हेडफोन लावलेत तर मागे त्याचं गुणगुणणंही ऐकू येईल. काहींना ते खटकतं, मला त्याशिवाय आता चुकल्यासारखं वाटतं. एकच न्यायची असेल तर १९८१ ची.

जॅझमधला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) त्याच स्टुडिओतला. जॅझ कधीच ऐकलं नसेल तर सुरुवात इथूनच करा, पण डबा उलटून मागची यादी वाचा. मूळ मुद्रणाच्या वेळी एक टेप मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे पहिले तीन ट्रॅक कित्येक वर्षं जरा जलद आणि चढ्या सुरात विकले गेले. नव्वदच्या दशकात ते दुरुस्त झाले. यादीत सहावा ट्रॅक, म्हणजे 'फ्लेमेंको स्केचेस'चा दुसरा टेक (त्याच रचनेचं दुसऱ्यांदा केलेलं मुद्रण) दिसला, तर आवृत्ती दुरुस्त केलेली आहे असं समजायला हरकत नाही. सोबत पेटी किंवा गिटार घेऊन बसणाऱ्याला हा फरक लगेच बोचतो, इतरांना बहुधा कळणारही नाही.

'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) आणि 'अ मीटिंग बाय द रिव्हर' (१९९३) यांत निवड करायची तर मी दुसरा घेईन. पहिल्यात शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. पहाटेच्या अहिर भैरवपासून रात्रीच्या पहाडीपर्यंत मेंढपाळाचा एक दिवस त्यात उलगडतो. सुरेख आहे, पण आखीव. शिवाय काही सीड्यांवर नंतरचे जादा ट्रॅक जोडलेत, त्यांनी तो दिवस उगाच लांबतो. पहाडी संपली की बंद करा. दुसऱ्यात विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा (गिटारवरून घडवलेलं वाद्य) आणि राय कूडरची स्लाइड गिटार (तारेवरून नळी सरकवत वाजवायची). एकाने मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत गेला, की दुसरा क्षणभर थांबतो, अंदाज घेतो आणि मग त्याच वाटेने जरा पुढे जातो. हे चाचपणं आपल्याला ऐकू येतं, आणि मजा त्यातच आहे. राग काटेकोर हवा असणाऱ्यांनी मात्र पहिलाच न्यावा.

पियानोवादक कीथ जॅरेटचा 'कोल्न कॉन्सर्ट' (१९७५), म्हणजे जर्मनीतल्या कोल्न शहरातल्या एका मैफलीचं मुद्रण, अर्धवट ऐकण्यात काही अर्थ नाही. त्या रात्री पुढ्यात आलेला पियानो कमअस्सल होता, वरचे सूर पातळ आणि खर्ज दुबळा, म्हणून तो बराचसा मधल्या पट्टीत रमला. डाव्या हाताने तीच तीच आवर्तनं का फिरवत बसलाय याचं उत्तर बऱ्याच अंशी त्यात आहे. पूर्ण तास रिकामा नसेल तर या खेपेला सोडून द्या.

आणि हो, काउंटरवर जाण्याआधी सीडी उजेडात तिरकी धरून बघा. ती आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते, त्यामुळे कडेवरचे ओरखडे छोट्या अल्बमना सहसा लागत नाहीत. गूल्ड आणि डेव्हिस त्यातून सुटतात. जॅरेटचा अल्बम ६६ मिनिटांचा आहे, तो जवळजवळ कडेपर्यंत पोचतो, आणि अडकलाच तर शेवटच्या तुकड्यात अडकतो.