धूर, स्कॅन की कणमोजणी: जड ट्रकसाठी कोणती तपासणी कशासाठी

इम्युलेटर (ट्रकच्या संगणकाला सगळं ठीक असल्याचं खोटं सांगणारी डबी) लावून एक्झॉस्टमधली युरियाची फवारणी बंद केलेला ट्रक धुराच्या तपासणीत पहिल्या फटक्यात पास होऊ शकतो. तपासणाऱ्याने लबाडी करायचीही गरज नाही. स्मोक मीटरला विचारलेलं असतं काजळीबद्दल, त्याने काजळीबद्दलच खरं उत्तर दिलेलं असतं. युरियाचं काम नायट्रोजन ऑक्साइड (नॉक्स) कमी करण्याचं, आणि नॉक्स त्या मीटरला दिसतच नाहीत.

म्हणून यार्डात कोणतं उपकरण ठेवायचं, की तपासणी बाहेरूनच करून घ्यायची, हे ठरवताना उपकरणाच्या किमतीपासून सुरुवात करू नका. आधी ताफ्याचे दोन भाग करा. एका बाजूला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) नसलेल्या जुन्या गाड्या, दुसऱ्या बाजूला डीपीएफ, एससीआर (युरियाने नॉक्स कमी करणारी यंत्रणा) आणि ओबीडी (गाडीतली स्वतःचे दोष शोधणारी संगणकीय यंत्रणा) असलेल्या. या दोन गटांचे आजार वेगळे, त्यामुळे नाडी बघायची जागाही वेगळी.

स्मोक मीटर: जुन्या गाड्यांचा जाणता

धूर तपासणीची सगळ्यांत माहितीतली पद्धत एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १९९६ च्या जे१६६७ मानकात लिहिलेली आहे. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चांगलं गरम. अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात तळापर्यंत दाबायचा, गव्हर्नर अडवेल तिथपर्यंत इंजिन चढू द्यायचं, मग सोडायचं. पहिले तीन झटके नळीत साठलेली काजळी उडवून लावण्यासाठी, ते मोजायचे नाहीत. पुढच्या तिन्हींची सरासरी हा निकाल, आणि त्या तीन आकड्यांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर मोजणी ग्राह्य नाही. हवेचं तापमान, दाब आणि आर्द्रता यांची दुरुस्तीही त्यात असते, कारण उंच घाटमाथ्यावर विरळ हवेत तोच ट्रक जास्त धूर ओकतो.

खरी गोची आकड्यात आहे. ‘धूर अमुक टक्के’ हे वाक्य प्रकाशाने धुरातून किती अंतर कापलं हे सांगितल्याशिवाय अर्धवट असतं. युरोपच्या नियतकालिक तपासणीत युरो ६ (युरोपचं उत्सर्जन मानक) गाड्यांची मर्यादा टक्क्यांत नसून प्रकाश-शोषण गुणांकात (दर मीटर अंतराला धूर किती प्रकाश शोषतो) दिली आहे: ०.७ प्रति मीटर. हाच धूर पाच इंची नळीच्या तोंडावर आडवा मोजला तर अपारदर्शकता साधारण साडेआठ टक्के येते, आणि ४३ सेंटिमीटर लांबीच्या नळकांड्यात मोजला तर २६ टक्के. धूर तोच, आकडा तिप्पट. कॅलिफोर्नियात डीपीएफ असलेल्या ट्रकला पाच टक्क्यांची मर्यादा आहे, तिथे पाच इंची नळी धरली तर गुणांक ०.४ च्या आसपास निघतो. दोन ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून ‘इकडे पास, तिकडे नापास कसा?’ असा वाद घालण्याआधी हा हिशेब करून बघा. मीटर विकत घेणार असाल तर तो दोन्ही एककांत निकाल देतो का आणि नळीचा व्यास भरायची सोय आहे का, हे आधी विचारा.

डीपीएफ नसलेल्या गाडीसाठी यापेक्षा चांगला सौदा नाही. गळका इंजेक्टर, तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोच्या पाइपला गेलेली चीर, वाढवून ठेवलेला डिझेलपंप, सगळं दहा मिनिटांत पांढऱ्यावर काळं होतं. पण याच इंजिनामागे धडधाकट डीपीएफ बसवा, की हे सगळे दोष त्या फिल्टरच्या पोटात गडप होतात. मीटर शून्य-एक दाखवत राहतो आणि फिल्टर मात्र दर दोन दिवसांनी रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून टाकणं) मागतो. नव्या गाडीचा शून्य धूर बघून खूश होणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

ओबीडी स्कॅन: ट्रक स्वतःबद्दल काय सांगतो

स्कॅनर सायलेन्सरपर्यंत जातच नाही. ट्रकच्या संगणकाने सेन्सरांवरून स्वतःबद्दल जे मत बनवलंय, ते तो वाचतो. अमेरिकेत जड इंजिनांना ओबीडी २०१० पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि २०१३ पर्यंत सर्वांना लागू झालं. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या ‘क्लीन ट्रक चेक’मध्ये २०१३ आणि नंतरच्या डिझेल इंजिनांना ओबीडी स्कॅन करावा लागतो, तर त्याआधीच्यांना धूर तपासणी आणि उत्सर्जन नियंत्रणाच्या भागांची डोळ्यांनी पाहणी.

स्कॅनचा जोर नॉक्सच्या बाजूला आहे. एससीआरच्या पुढचा-मागचा नॉक्स सेन्सर, युरियाचा डोस, ईजीआरचा (एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा) व्हॉल्व्ह, डीपीएफच्या दोन टोकांमधला दाब, इतक्या गोष्टी पाच मिनिटांत बघून होतात. आणि उत्तर फक्त पास-नापास एवढंच नसतं, गॅरेजला कुठे हात घालायचा तेही कळतं. एकच उपकरण घ्यायची ऐपत असेल आणि ताफा नवा असेल, तर मी डोळे झाकून हेच घेईन.

डोळे झाकून घेईन, पण डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. एक तर डॅशबोर्डवरचा दोषाचा दिवा पेटण्याचा उंबरठा आणि कायद्याची मर्यादा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. युरो ६ मध्ये बदलत्या भाराच्या चाचणीत नॉक्सची मर्यादा ०.४६ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास आहे. ओबीडीने दोष जाहीर करायचा उंबरठा मात्र सर्वसाधारणपणे १.२ ग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या अडीचपट नॉक्स सोडणाऱ्या गाडीचा दिवा विझलेलाच राहिला, तरी प्रणाली नियमानुसारच वागते आहे.

दुसरी गंमत कोड पुसण्याची. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी स्कॅनर लावायचा, दोषांचे कोड पुसायचे, नाहीतर बॅटरीची तार काढायची, आणि सकाळी स्वच्छ गाडी घेऊन हजर व्हायचं. हे आता चालत नाही. कोड पुसले की रेडिनेस मॉनिटरही कोरे होतात, म्हणजे ट्रक सांगतो की मी स्वतःला अजून तपासलेलंच नाही. कोड पुसल्यापासून किती अंतर कापलं हेही वाचता येतं. शिवाय कायम नोंदीत गेलेला कोड स्कॅनरने पुसला जात नाही. तो दोष खरोखर गेल्याची खात्री ट्रकला स्वतः पटली तरच जातो. हा फास प्रामाणिक माणसाच्या गळ्यातही पडतो, हे मात्र खरं: काल रीतसर दुरुस्ती झाली, मेकॅनिकने सवयीने कोड पुसले, आज तपासणीत ‘मॉनिटर अपूर्ण’. एससीआरचं मॉनिटर पूर्ण व्हायला एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो. दिवसभर थांबत-थांबत माल उतरवणाऱ्या गाडीला तेवढी उष्णता मिळत नाही. दुरुस्ती आणि तपासणी यांच्यात तिला काही दिवस लांबच्या मार्गावर पाठवा.

केबलबद्दल एक बारीकसारीक गोष्ट, कारण उपकरण मागवून ते जोडताच न आलेले लोक असतात. जड गाड्यांत बहुधा नऊ पिनांचा गोल सॉकेट असतो. काळा असेल तर जुनी २५० किलोबिटची जोडणी, हिरवा असेल तर ५०० ची. हिरवी केबल दोन्हींत बसते, काळी फक्त काळ्यात. काही उत्पादक मोटारीसारखा सोळा पिनांचा सॉकेट देतात. ऑर्डर देण्याआधी प्रत्येक मॉडेलच्या केबिनमध्ये वाकून बघून या.

कणमोजणी: तडकलेल्या फिल्टरचा काळ

डीपीएफच्या आतल्या चिनीमातीसारख्या गाभ्याला तडा गेला, तर निसटणारे कण इतके बारीक असतात की स्मोक मीटरच्या प्रकाशाला ते फारसे अडवत नाहीत. आकडा मर्यादेखाली राहतो. ओबीडी दाबातल्या फरकावरून अंदाज बांधतं, आणि छोट्या तड्याने दाब एवढा ढळत नाही. कणमोजणी यंत्र मात्र इंजिन नुसतं आयडलवर ठेवून एका घनसेंटिमीटर वायूत किती कण आहेत तेच मोजतं. अ‍ॅक्सिलरेटरचे झटके नाहीत की आरडाओरडा नाही. धडधाकट फिल्टरमागचा वायू कित्येकदा भोवतालच्या हवेपेक्षाही कमी कणांचा असतो, आणि फुटलेल्या फिल्टरमागे आकडा लाखांत जातो. अधलंमधलं फारसं काही नसल्यामुळे निकालावर वाद होत नाहीत. जर्मनीने १ जुलै २०२३ पासून युरो ६ डिझेल गाड्यांच्या नियतकालिक तपासणीत ही मोजणी आणली. मर्यादा प्रति घनसेंटिमीटर २,५०,०००. युरोपियन कमिशनच्या मार्च २०२३ च्या शिफारशीतही हाच आकडा आहे.

दोन वेळा टाळा: रिजनरेशन चालू असताना, आणि ते नुकतंच संपल्यावर. फिल्टरच्या भिंतीवरचा काजळीचा थर स्वतःच गाळणीचं काम करत असतो. तो जळून गेल्यावर थोडा वेळ चांगला फिल्टरही जास्त कण सोडतो. आणि मुळातच डीपीएफ नसलेल्या ट्रकमागे हे यंत्र धरण्यात काहीच अर्थ नाही.

एकाच दोषावर तिन्ही यंत्रं

निवड करायला सगळ्यांत सोपी रीत म्हणजे तुमच्या गाड्यांत खरोखर काय बिघडतं किंवा बिघडवलं जातं, ते घेऊन प्रत्येक यंत्रासमोर उभं करणं.

डीपीएफचा गाभा काढून डबा पुन्हा वेल्ड केलेला ट्रक घ्या. इंजिन नीट लागलेलं असेल तर धूर थोडाच दिसेल, काही वेळा मर्यादेतही बसेल. स्कॅन? ज्याने गाभा काढला त्याने ईसीयूचं (इंजिनच्या संगणकाचं) सॉफ्टवेअरही बदललेलं असतं, नाहीतर गाडीने दुसऱ्याच दिवशी दिवा लावला असता. त्यामुळे कोड सापडणार नाहीत. पण चांगला स्कॅनर सॉफ्टवेअरची ओळख आणि त्याचा पडताळणी क्रमांक वाचतो, तो उत्पादकाच्या यादीशी जुळला नाही की पितळ उघडं पडतं. कणमोजणीत तर लपायला जागाच नाही. आणि चौथं यंत्र फुकटचं आहे: नळीच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफ जिवंत असलेल्या ट्रकची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते.

आता सुरुवातीचा इम्युलेटरवाला ट्रक. स्मोक मीटर गप्प, कणमोजणी गप्प. इम्युलेटर संगणकाला खोटीच माहिती पुरवत असल्याने स्कॅनही कदाचित गप्प. इथे उपयोगी पडते ती हार्नेसची (तारांच्या जुडग्याची) डोळ्यांनी पाहणी, युरियाच्या खपाचा डिझेलशी ताळा, किंवा धावत्या गाडीचे नॉक्स मोजणं. युरियाच्या बिलांची फाइल हे ताफामालकाच्या हातातलं उत्तम निदानयंत्र आहे आणि ते कोणी वापरत नाही. डिझेल जळतंय पण युरिया संपत नसेल, तर ड्रायव्हरला न विचारता बॉनेट उघडा.

पीईएमएस

नळीला जोडून ट्रकसोबत रस्त्यावर धावणारं हे मापनयंत्र खरं उत्तर देतं, यात शंका नाही. त्याची गरज कशी पटली तेही सांगण्याजोगं आहे. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने सात जड डिझेल इंजिन उत्पादकांशी तडजोड केली, कारण त्यांची इंजिनं प्रयोगशाळेतल्या चाचणीत शहाण्यासारखी वागत आणि हमरस्त्यावर एकाच वेगाने धावू लागली की इंधन वाचवण्यासाठी नॉक्स मोकळे सोडत. त्यानंतर रस्त्यावर मोजणं नियमांत येत गेलं. युरो ६ मध्ये ते बंधनकारक आहे, आणि तिथे वायूंना प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या दीडपट सवलत मिळते. पण ही परीक्षा उत्पादकाची. ताफामालकाने त्यात पडावं ते जुन्या गाड्यांना बाहेरून एससीआर बसवून घेतला आणि विकणाऱ्याचा दावा पडताळायचा असेल तेव्हाच. चॅसिस डायनोचंही (ट्रक रोलरवर चालवून मोजणाऱ्या यंत्राचंही) तेच.

स्वतः करायची, करून घ्यायची, की यंत्र कायमचं लावून ठेवायचं

धूर तपासणी बाहेरून करून घेण्यात मला शहाणपण वाटतं. मीटरचं कॅलिब्रेशन, काचा पुसणं, प्रशिक्षित माणूस, हा सगळा व्याप चार-सहा जुन्या गाड्यांसाठी परवडत नाही, आणि त्या गाड्या दरवर्षी कमीच होणार आहेत.

ओबीडीचं गणित उलटं आहे. तिथे वारंवारता वाढते आहे. कॅलिफोर्नियात बहुतेक ट्रकना वर्षातून दोनदा अहवाल द्यावा लागतो आणि ऑक्टोबर २०२७ पासून ओबीडीवाल्यांना चारदा. मुदतीआधी ९० दिवसांपर्यंत केलेला स्कॅन चालतो. तिथे प्रमाणित उपकरणं दोन जातींची आहेत: हातात घेऊन एकेका ट्रकला लावायचं, किंवा ट्रकमध्ये कायम ठेवायचं, जे माहिती आपोआप पाठवतं. गाड्या रोज संध्याकाळी यार्डात परतत असतील तर पहिलं पुरे, एक माणूस शनिवारी फिरून सगळ्यांना लावेल. आठवडेच्या आठवडे बाहेर असलेल्या गाड्यांना दुसरं, कारण स्कॅनसाठी भरलेला ट्रक परत बोलावणं हा त्यातला सगळ्यांत मोठा खर्च. घेताना ते उपकरण तुमच्या नियामकाच्या मान्य यादीत आहे का ते बघा. बाजारात दोष वाचणारे स्कॅनर ढिगाने मिळतात, पण अहवाल म्हणून ज्यांचं वाचन मान्य होतं ते मोजकेच.

कणमोजणी यंत्र मी सगळ्यांत शेवटी घेईन, आणि तेही जुने ट्रक विकत घेण्याचा धंदा असेल तरच. कारण सौदा ठरवताना विकणारा धूर दाखवतो, विझलेला दिवाही दाखवतो. फिल्टर आतून शाबूत आहे की नाही हे एका मिनिटात सांगणारं दुसरं काही तेव्हा हाताशी नसतं.