बर्लिनचं श्टासी म्युझियम: पूर्व जर्मनीचा अभ्यास करताय तर चुकवू नका

यू५ मेट्रोने माग्दालेनेनश्ट्रासेला उतरायचं, तिथून चालतच. ही श्टासीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या मुख्यालयाचीच इमारत आहे, १५ जानेवारी १९९० ला लोक या आवारात घुसले होते. श्टासीचा प्रमुख असलेला मंत्री एरिश मील्के याचं ऑफिस फर्निचरसकट जसंच्या तसं ठेवलंय आणि ते इतकं साधं, कंटाळवाणं वाटतं की जास्तच अंगावर येतं, कारण १९८९ मध्ये जवळपास ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी इथून चालवले जात होते, खबरे वेगळेच! संशयितांच्या वासाचे नमुने साठवलेल्या बरण्यांपाशी मी बराच वेळ थांबले. माहिती इंग्रजीतही आहे. रोजचं जगणं, फ्लॅट, ट्राबांट गाडी बघायची तर श्प्रे नदीकाठचं डीडीआर (म्हणजे पूर्व जर्मनी) म्युझियम करा, पण राजकारण समजून घ्यायला आधी इथेच या.